घरच्या केकची सजावट : भिलाईच्या हवेत सुरुवात कशी करावी

केकची सजावट मुख्यतः दोन गोष्टींवर उभी असते : स्निग्ध पदार्थ आणि साखर. स्निग्ध पदार्थ उष्णतेने वितळतो, साखर दमट हवेत पाणी ओढून घेते. त्यामुळे हाताची सफाई ही नंतरची गोष्ट. पहिला प्रश्न असतो खोलीच्या तापमानाचा. लोणी साधारण २० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पातळ होते. भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि नुसत्या पंख्यावर चालणारे स्वयंपाकघर तेव्हा ३५ अंशांच्या खाली क्वचितच येते. थंड देशांतल्या पुस्तकांत किंवा व्हिडिओंत दिसणारी बटरक्रीमची रेखीव फुले इथे भर उन्हाळ्यात उमटत नाहीत, त्यात शिकणाऱ्याच्या हाताचा काही दोष नसतो.

म्हणून हा छंद सुरू करायला उत्तम काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हवा कोरडी आणि थंड असते, क्रीम फेटल्यावर तग धरते आणि चूक सुधारायला उसंत मिळते. शिवाय याच दिवसांत नाताळ येतो. देशाच्या सगळ्या प्रांतांतून पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आलेल्या माणसांच्या या गावात डिसेंबरात केकच्या साहित्याला मागणी वाढते आणि एरवी सहज न मिळणाऱ्या वस्तूही दुकानांत दिसू लागतात. उन्हाळ्यातच सुरुवात करायची असेल तर पहाटेची वेळ निवडावी किंवा एसीच्या खोलीत टेबल मांडावे. कूलरचा उपयोग मात्र जपून करावा. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून, म्हणजे खोलीतला दमटपणा वाढवून. क्रीमच्या केकला त्याने थोडी मदत होते, साखरेच्या सजावटीचे मात्र नुकसानच होते.

सजावटीआधी केक. नवशिक्याने अर्ध्या किलोचा, सहा इंची गोल डब्यातला केक घ्यावा. त्याहून लहान केकवर हात फिरायला जागा मिळत नाही आणि मोठ्या केकवर क्रीम फार खर्ची पडते. घरी भाजलेला असो वा बेकरीतून साधा स्पंज आणलेला असो, तो पूर्ण गार झालेला हवा. कोमट केकवर लावलेले क्रीम आतूनच वितळते आणि थर घसरू लागतात. भाजल्यावर तासाभराने केक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ कापला जातो, चुरा कमी पडतो. सणासुदीला आणि बऱ्याच मराठी घरांत एरवीही बिनअंड्याचाच केक चालतो. दही-सोडा किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून केलेला हा केक अंड्याच्या केकपेक्षा ठिसूळ असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही रात्रभराची विश्रांती टाळू नये.

साहित्याची यादी दुकानदार सांगतो त्यापेक्षा पुष्कळच लहान आहे. फिरती चकती, म्हणजे टर्नटेबल. वाकड्या मानेची पॅलेट नाइफ. सरळ कडेचा स्क्रेपर. ब्रेड कापायची दातेरी सुरी. विजेवर चालणारा बीटर. डझनभर पायपिंग बॅगा. पुठ्ठ्याचे दोन-तीन केक बोर्ड. आणि चार नोझल. प्लास्टिकची साधी टर्नटेबल सुरुवातीला पुरते, फक्त ती डगमगत नाही आणि एका बोटाच्या धक्क्याने सलग फिरते एवढे दुकानातच पाहून घ्यावे. चोवीस किंवा अठ्ठेचाळीस नोझलांचा संच स्वस्त दिसतो, पण त्यांतले बहुतेक नोझल वर्षभर डबीबाहेर येत नाहीत. नोझलांचे क्रमांक आता भारतातही एकसारखे झाले आहेत. शिकागोच्या ज्या विल्टन यांनी १९२९मध्ये सजावटीचे वर्ग सुरू केले, त्यांच्या नावाच्या कंपनीच्या क्रमांकांनी दुकानदार नोझल ओळखतात. मोठ्या चांदणीचा १ एम, रेघा-ठिपक्यांचा गोल ३ क्रमांकाचा, गुलाबाच्या पाकळीचा १०४ आणि पानाचा ३५२, एवढ्यावर पहिले सहा महिने सहज निघतात. किरकोळ साहित्य सुपेला, पॉवर हाउसचे जवाहर मार्केट किंवा दुर्गचे इंदिरा मार्केट इथल्या बेकरी साहित्य ठेवणाऱ्या दुकानांत शोधावे. तिथे न मिळाल्यास रायपूर.

क्रीमची निवड हा सुरुवातीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि दोन्हींना सर्रास ‘क्रीम’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. एक दुधाचे. किराणा दुकानातल्या छोट्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही. व्हिपिंग क्रीम म्हणून वेगळे मिळते त्यात स्निग्धांश जास्त असतो, ते फेटले जाते आणि चवीला उत्तमही लागते, पण भिलाईच्या हवेत मार्चनंतर ते टिकवणे अवघड. दुसरा प्रकार बेकरीवाले वापरतात तो : वनस्पती तेलापासून बनवलेले, आधीच साखर घातलेले, गोठवलेल्या स्थितीत किलोच्या खोक्यात मिळणारे नॉन-डेअरी क्रीम. चवीत ते दुधाच्या क्रीमच्या मागेच राहते, तरी फुगते भरपूर, आकार धरते आणि उष्णतेत जरा जास्त वेळ टिकते. शिकण्यासाठी हेच घ्यावे. आपल्याकडे तेल-चरबीयुक्त पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे; खोक्यावरचा तपशील वाचावा आणि नाव नसलेले सुटे क्रीम टाळावे.

हे क्रीम घरी आणण्यापासूनच जपावे लागते. रायपूरहून तीसेक किलोमीटर अंतर उन्हात येईपर्यंत खोका अर्धा वितळतो, आणि एकदा वितळलेले क्रीम पुन्हा गोठवले की त्याची घडण मोडते. मग फेटताना ते पाणी सोडते. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसह आणावे. घरी आल्यावर फ्रीझरमध्ये ठेवावे, आणि वापरायच्या आदल्या रात्री खोका फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात उतरवावा. ओट्यावर ठेवून वितळवू नये. फेटायला घेताना क्रीम पातळ, पण त्यात बर्फाचे बारीक कण अजून तरंगत आहेत, ही नेमकी वेळ. सहा इंची केकला आत-बाहेर मिळून २०० ते २५० मिलिलिटर न फेटलेले क्रीम पुरते, कारण फेटल्यावर ते दोन ते तीन पट होते.

भांडे स्टीलचे, उभट आणि फ्रीझरमध्ये पंधरा मिनिटे ठेवलेले घ्यावे. बीटरची पातीही त्याच्यासोबत गार करावीत. पहिले मिनिट-दीड मिनिट बीटर सर्वांत कमी गतीवर ठेवावा, मग मध्यम. सुरुवातीपासून जोरात फेटले तर हवेचे बुडबुडे मोठे राहतात आणि केकवर पसरताना क्रीमला भोके पडतात. तीन-चार मिनिटांत पात्यांच्या मागे रेघा उमटू लागतात. इथून पुढे डोळा हलवू नये. बीटर बंद करून पाते वर उचलावे : टोक उभे राहून किंचित वाकले तर ते केकला लावायचे क्रीम झाले, टोक ताठ राहिले तर फुलांचे. आणखी अर्धा मिनिट फेटले की क्रीम रवाळ दिसू लागते, कडेला तुटते आणि नोझलमधून फाटक्या कडांचे फूल येते. अशा वेळी दोन-तीन चमचे न फेटलेले गार क्रीम घालून चमच्याने हलक्या हाताने मिसळले तर ते बहुतेक वेळा ताळ्यावर येते. त्यासाठीच थोडे पातळ क्रीम नेहमी बाजूला ठेवावे. दुधाच्या क्रीमला मात्र हा उपाय एका मर्यादेपर्यंतच लागू पडतो. ते फार फेटले तर सरळ लोणी निघते.

आता केक कापावा. वरचा फुगवटा आधी काढून टाकावा. मग सुरी आडवी व स्थिर धरून चकती फिरवत कडेने एक खूण फिरवून घ्यावी आणि त्या खुणेतून हळूहळू आत जावे. सुरी थेट आरपार घातली तर थर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतो. दोन काप, तीन थर. बोर्डावर क्रीमचा एक ठिपका लावून पहिला थर त्यावर चिकटवावा, नाहीतर सगळा केक काम चालू असताना सरकत राहतो. प्रत्येक थरावर साखरेचे पाणी शिंपडावे : एक भाग साखर, तीन भाग पाणी, उकळून गार केलेले. बिनअंड्याचा केक हे पाणी पटकन पितो आणि जास्त झाले की बसतो, म्हणून चमच्याने ओतण्यापेक्षा ब्रशने लावलेले बरे. आत जॅम किंवा फळांचा गर भरायचा असेल तर थराच्या कडेने आधी जाड क्रीमचे एक कडे घालावे. ते बांधासारखे काम करते आणि गर बाहेर येऊन पांढऱ्या क्रीमवर डाग पडत नाहीत. सर्वांत वरचा थर उलटा ठेवावा, डब्याच्या तळाची सपाट बाजू वर.

बाहेरून क्रीम लावण्याचे काम दोन टप्प्यांत करतात, आणि पहिला टप्पा गाळणाऱ्याचा केक लगेच ओळखू येतो. पहिला हात अगदी पातळ, केक आतून दिसत राहील इतका. त्याचे काम फक्त सुटा चुरा धरून ठेवण्याचे. याला क्रम्ब कोट म्हणतात. हे क्रीम वेगळ्या वाटीत घ्यावे आणि चुरा लागलेली सुरी मूळ भांड्यात पुन्हा बुडवू नये. मग केक वीस मिनिटे फ्रिजमध्ये. दुसरा हात जाड द्यावा, आधी वर, मग कडेने. गुळगुळीत करताना नवशिक्या पॅलेट नाइफ घेऊन केकभोवती फिरतो, तिथेच गडबड होते. फिरायचे असते चकतीने. स्क्रेपर घड्याळातल्या सहाच्या जागी उभा धरून ठेवायचा, त्याची खालची कड बोर्डाला टेकलेली, आणि पाते केकच्या पृष्ठभागाशी थोडे तिरके. चकती एकदा सलग फिरली की कड सरळ होते. खड्डे राहिले तर तिथे क्रीम भरून पुन्हा एक फेरा. कडेचे क्रीम वर उभी भिंत करून राहते. ते शेवटी स्वच्छ पुसलेल्या पॅलेट नाइफने बाहेरून आत, मध्याकडे ओढून घ्यावे, आणि दर ओढीनंतर पाते पुसावे. पहिल्या काही केकांवर याच पायरीला सगळा वेळ द्यावा. गुळगुळीत, कोरा केक आणि वर चार ताज्या द्राक्षांचा घोस, ही सजावट ओबडधोबड केकवरच्या वीस गुलाबांपेक्षा केव्हाही उजवी दिसते.

नोझलचे काम केकवर शिकू नये. पायपिंग बॅगेत नोझल बसवून तिच्यात उकडून, चाळणीतून गाळून, थोड्या दुधाने मऊ केलेला बटाटा भरावा आणि स्टीलच्या ताटावर सराव करावा. बटाटा खोलीच्या तापमानाला वितळत नाही, आकार जवळजवळ क्रीमसारखाच देतो आणि शेवटी पराठ्यांत जातो. आधी सरळ रेघा, मग ठिपके, मग चांदण्या. बॅग अर्धीच भरावी, वरचा भाग पिळून अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरावा. दाब उजव्या तळव्याचा, डाव्या हाताची दोन बोटे फक्त दिशा देणारी. डावखुऱ्यांनी हेच उलट करावे. चांदणीसाठी बॅग ताठ उभी, शिंपल्याच्या किनारीसाठी तिरकी. दाब थांबवून मग बॅग उचलायची, हा क्रम चुकला की प्रत्येक ठिपक्याला शेपूट येते. आणखी एक अडचण हाताच्या उबेची. तळहात ३२-३३ अंशांचा असतो, बॅगेतले क्रीम पाच मिनिटांत मऊ पडते. दोन बॅगा भरून एक फ्रिजमध्ये ठेवावी आणि आळीपाळीने वापरावी. उन्हाळ्यात हे न केल्यास किनारीची सुरुवात आणि शेवट दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखा दिसतो.

केकवर देवनागरी लिहिणे हा वेगळाच विषय आहे, आणि शिकवण्याच्या साहित्यात त्याची जवळजवळ दखलच नसते. नमुने सगळे इंग्रजी लपेटदार अक्षरांचे, ज्यांत शब्दभर बॅग उचलावी लागत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळे, काना, मात्रा, वेलांटी वेगळी. दर वेळी दाब सोडून पुन्हा सुरुवात. त्यामुळे मजकूर कमीत कमी ठेवावा. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हा मजकूर सहा इंची केकवर तीन ओळींखेरीज मावत नाही आणि ‘र्दि’, ‘च्छा’ या जोडाक्षरांतल्या पोकळ्या क्रीमने बुजून जातात. नुसते नाव पुरे. बोर्डाएवढा गोल कागद कापून त्यावर आधी पेनने नाव लिहून पाहावे, म्हणजे शेवटचे अक्षर कडेवरून घसरण्याची वेळ येत नाही. केकवर मापाच्या दोन्ही टोकांना टूथपिकने खूण करून ताणलेल्या दोऱ्याने शिरोरेघेची फिकट जागा उमटवावी. मधल्या अक्षरापासून सुरुवात केली तर नाव आपोआप मध्यावर बसते. अक्षरे त्या खुणेला टांगल्यासारखी लिहावीत आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी, एका दमात : नोझलचे टोक पृष्ठभागापासून थोडे वर धरून, क्रीमचा धागा खाली पडू देत. टोक टेकवून ओढलेली रेघ नांगरल्यासारखी दिसते.

लेखनासाठी फेटलेल्या क्रीमपेक्षा वितळवलेले चॉकलेट कंपाउंड सोयीचे. त्याला नोझलही लागत नाही. बटर पेपरचा त्रिकोण गुंडाळून कोन करावा आणि टोक कात्रीने केसभर कापावे. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या हाताला यात नवे काहीच नाही. ज्यांना थेट केकवर लिहायची धास्ती वाटते, त्यांनी नाव कागदावर ठळक लिहून त्यावर बटर पेपर ठेवावा, चॉकलेटने जाडसर गिरवावे आणि फ्रिजमध्ये दहा मिनिटे घट्ट होऊ द्यावे. इथे देवनागरीची एक सोय कळते : शिरोरेघेने सगळी अक्षरे एकमेकांना बांधलेली असल्यामुळे पूर्ण शब्द एका तुकड्यात सुटून येतो. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचे सुटे दंडही तिच्यामुळे जागेवर राहतात. फक्त अनुस्वाराचा ठिपका वेगळा उचलून बसवावा लागतो.

रंगांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. पाण्यासारखा पातळ रंग क्रीम सैल करतो. जेल रंग घ्यावा आणि टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घालावा, कारण तासाभरात रंग आपसूक गडद होतो. गडद लाल आणि काळा मिळवायला इतका रंग ओतावा लागतो की क्रीम कडवट होते आणि खाणाऱ्यांचे ओठ रंगतात. काळे हवेच असेल तर आधी कोकोने तपकिरी करून मग रंग घालावा. चॉकलेटला पाण्यात विरघळणारा रंग चालत नाही, ते लगेच घट्ट गोळा होते. त्यासाठी तेलात मिसळणारा रंग वेगळा मिळतो. डबीवर खाद्यरंग असल्याचा उल्लेख आणि एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहावा. चमकीच्या काही डब्यांवर फक्त ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ विषारी नाही इतकाच होतो, खाण्याजोगी असा होत नाही.

ताज्या फुलांची सजावट झटपट होते आणि सध्या तिचा बराच बोलबाला आहे. पण टाउनशिपच्या बागांत आणि कुंपणांना सहज सापडणारी बरीच फुले केकवर घालण्यासारखी नाहीत. कण्हेर विषारी आहे, पिवळी बिट्टीही. सदाफुली, रुई आणि घाणेरीही टाळावीत. गुलाब, झेंडू, जास्वंद, गोकर्ण ही चालणारी, तीही घरच्या कुंडीतली, फवारणी न केलेली. हारवाल्याकडची फुले खाण्यासाठी पिकवलेली नसतात. देठ थेट केकमध्ये खुपसू नये. स्ट्रॉच्या तुकड्यात बसवून लावावा, आणि कापण्याआधी सगळे काढून घ्यावे.

मार्च सरल्यावर क्रीमचा हट्ट सोडून गनाशकडे वळावे. बारीक चिरलेले गडद चॉकलेट कंपाउंड दोन भाग आणि साधे फ्रेश क्रीम एक भाग. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करून चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये, मग मध्यापासून ढवळत बाहेर यावे. भर मे महिन्यात प्रमाण तीनास एक करावे. पांढऱ्या चॉकलेटला ते एरवीही तेवढेच लागते. भांड्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वितळते चॉकलेट रवाळ होऊन आखडते, तेव्हा सगळे कोरडे हवे. रात्रभर झाकून ठेवलेले गनाश लोण्यासारखे पसरते, आणि केकवर घट्ट बसल्यावर क्रीमपेक्षा कितीतरी जास्त उष्णता सहन करते.

फॉन्डंट, म्हणजे साखरेची मळलेली लगदी, लाटून केकवर पांघरतात आणि तिची चित्रे, बाहुल्याही करतात. ती विकत घेताना हिरवा ठिपका पाहावा. काही प्रकारांत जिलेटिन असते आणि ते प्राणिज असते. भिलाईत फॉन्डंटचा खरा वैरी उन्हाळा नाही, पावसाळा आहे. फ्रिजमधून काढलेल्या गार वस्तूवर हवेतली वाफ दव होऊन बसते, आणि हवा जितकी दमट तितके हे लवकर घडते. जुलै-ऑगस्टमध्ये थोडासाच गार झालेला केकही पाझरू लागतो; रंग ओघळतात, बाहुलीचे हात गळून पडतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तोच केक त्या मानाने कोरडा राहतो. म्हणून पावसाळ्यात फॉन्डंटच्या आत क्रीम न भरता गनाश भरावे, म्हणजे केक फ्रिजबाहेर, थंड खोलीत ठेवता येतो. फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोका तासभर उघडू नये. दव खोक्यावर बसते, केकवर नाही. दव आलेच तर पुसू नये, पंख्याच्या हवेत सुकू द्यावे. बाहुल्यांसाठी लगदीत प्रत्येक २५० ग्रॅममागे ती लवकर कडक करणारी सीएमसी पावडर चमचाभर मळावी आणि त्या तीन-चार दिवस आधीच करून, एसीच्या खोलीत वाळवून ठेवाव्यात.

साखरेच्या कामाची पुढची पायरी रॉयल आयसिंगची. ते परंपरेने अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर फेटून करतात, वाळल्यावर दगडासारखे कडक होते आणि त्यातून जाळीचे नाजूक काम निघते. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी हे आयसिंग अंड्याविना करून त्यातून वास्तुशिल्पे उभारली. १०० किलोंच्या अशा एका रचनेबद्दल २०२२मध्ये त्यांची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली. नवशिक्याला त्या वाटेला लगेच जायचे नसते, पण शाकाहारी घरात हे काम करता येत नाही हा समज त्यातून पुरता मोडला. अंडेविरहित रॉयल आयसिंगची तयार पावडर आता घरपोच मिळते. दिलेल्या प्रमाणात पाणी घालून ती बिस्किटांवर वापरून पाहावी, केकपेक्षा ती जागा सरावाला चांगली.

तयार केक समारंभाच्या जागी नेताना सजावट बिघडण्याचे प्रमाण मोठे असते. डोहाळजेवण सेक्टर ६मध्ये असो की दुर्गला, केक निघण्याआधी किमान दोन तास फ्रिजमध्ये असावा आणि बोर्डाहून अर्धा इंचच मोठ्या खोक्यात बसवावा. गाडीत तो सीटवर ठेवू नये, सीट मागे उतरती असते. पायाजवळची सपाट जागा योग्य, एसी आधीच चालू करून. खोक्याखाली रबरी जाळीचा तुकडा घातला की जी. ई. रोडवरच्या ब्रेकलाही तो सरकत नाही. स्कूटरवर एकमजली केकच न्यावा आणि वरची फुले वेगळ्या डब्यात. क्रीमचा केक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त आणि एरवी दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. कारंज्यासारख्या उडणाऱ्या मेणबत्त्यांची राख क्रीमवर पडते, त्या बाजूला लावलेल्या बऱ्या. आणि मंडळी वाढदिवसाच्या माणसाच्या तोंडाला केक फासणारी असतील, तर तारेची फुले, काड्या आणि चांदीचे मणी मुळातच वापरू नयेत.

छंद रुळला की ओळखीपाळखीतून ऑर्डरी येऊ लागतात. पैसे घेऊन केक द्यायचा असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ घरगुती स्वयंपाकघरालाही लागू होतो. लहान व्यवसायाला परवान्याऐवजी एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन, अल्प शुल्कात होते. ऑर्डर घेताना अंड्याचा की बिनअंड्याचा, सुकामेवा चालतो का आणि केक किती वाजता कापणार, हे लिहून घ्यावे. त्या वेळेवरूनच क्रीम घ्यायचे की गनाश, हे ठरवता येते.